डावीकडचं वळण

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर काही लागलं की ते सगळ्यांच्या आधी मी वाचते. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका शर्टांच्या कंपनीत तीस वर्षं मी चेकिंगला होते. शर्ट उलटा करायचा, सुटलेला टाका शोधायचा, खूण करायची आणि बाजूला टाकायचा. रिटायर झाले तरी ती सवय सुटली नाही. कुणाच्या घरी चहाला गेले तरी माझी नजर आधी पडद्याच्या उसवलेल्या कडेवर जाते. दिवाळीनंतर लागलेल्या त्या नोटिशीत मात्र मला काही चूक सापडली नाही. जिन्याखाली पडून असलेल्या, वापरात नसलेल्या सायकली महिन्याभरात हलवाव्यात, नाहीतर सोसायटी त्या भंगारात देईल, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

जिन्याखाली चार सायकली होत्या. तीन लहान मुलांच्या, आणि ती मुलं आता नोकरीला लागली होती. चौथी आमची. काळी, दांडीची, बावीस इंची, मागच्या कॅरिअरला डबा बांधायचा रबरी पट्टा अजून तसाच. ती माझ्या नवऱ्याची सायकल. हे त्याच इस्टेटमध्ये लेथ मशीनवर होते आणि एक दिवस रिक्षा नाही की बस नाही, रोज सायकलने जायचे. रिटायर झाल्यावरही भाजी, दळण, गॅसची चौकशी, सगळं सायकलवर. मार्चमध्ये एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या डाव्या हातातला आरसा पडला. पॅरालिसिसचा हलका झटका, डॉक्टर म्हणाले. वेळेवर आणलंत म्हणाले. बोलणं पंधरा दिवसांत नीट झालं, उजवी बाजू तर ठणठणीत होती. डावा पाय थोडा ओढत चालायचा आणि डाव्या हातात कप धरवत नव्हता.

हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा आमच्या चार मजली बिल्डिंगला लिफ्ट नाही ही गोष्ट मला पहिल्यांदा टोचली. चार शेजाऱ्यांनी ह्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर आणलं. माणसं चांगली, काळजीने आणलं. पण जिन्यात प्रत्येक दरवाजा उघडा होता, प्रत्येक दारात कुणीतरी उभं होतं, आणि हे खुर्चीत मान खाली घालून बसले होते. ज्या माणसाने गणपतीत ह्याच जिन्यावरून आमची मूर्ती एकट्याने डोक्यावरून खाली नेली होती, तो असा वर आला. त्या दिवसानंतर हे खाली उतरलेच नाहीत.

"रोज खाली जा, अर्धा तास चाला, पाय सुधारेल," असं घरी तपासायला येणारे डॉक्टर दर खेपेला सांगायचे. हे मान हलवायचे. डॉक्टर गेले की म्हणायचे, "माका नको. लोक बघतत." हे एरवी माझ्यासारखंच बोलतात, पण मनाला लागलं की मालवणी बाहेर येते. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, दोन दिवस अबोला धरून पाहिला. मुलुंडला राहणारी आमची मुलगी येऊन रडून गेली. आठ महिने झाले. हे घरातल्या घरात गॅलरीपासून देवघरापर्यंत चालायचे आणि पुन्हा गॅलरीत खुर्चीवर बसायचे. त्यांचा पाय बरा होत होता आणि माणूस मात्र खचत चालला होता. मला रात्री पायाची भीती वाटायची नाही, ह्या माणसाची वाटायची.

नोटीस वाचून वर गेले आणि ह्यांना सांगितलं. पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, "देऊन टाक. कोण चालवतलो आता?"

मला इतका राग आला की मी तशीच खाली उतरले आणि सेक्रेटरीची बेल वाजवली. सेक्रेटरी आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, सगळ्यांना काका-काकी म्हणणारा माणूस.

"आमची सायकल त्या यादीत घालायची नाही," मी म्हटलं. "ती वापरात आहे."

"कोण वापरतं काकी? काका तर..." तो अडखळला.

"मी."

"तुम्ही सायकल चालवता?"

"का? मी चालवू नये?"

शेवटचा प्रश्न खोटा म्हणता येणार नाही, पण आधीचं 'मी' खरंही नव्हतं. मी जन्मात सायकलवर बसले नव्हते. लहानपणी परळच्या चाळीत आमच्या मजल्यावर एकच सायकल होती आणि ती मुलग्यांची. तो हसला आणि म्हणाला, "ठीक आहे काकी, महिन्याने बघू." हसण्यात वाईट काही नव्हतं, पण ते हसू मला जिन्याने वर येईपर्यंत बोचत राहिलं. एकसष्ट वर्षांची बाई, गुडघ्याला पट्टा, आणि तोंडातून शब्द गेलेला.

घरात आल्यावर मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. "लोक बघतात म्हणून तुम्ही खाली येत नाही ना? ठीक आहे. लोकांना बघायला मी दुसरं काहीतरी देते," मी म्हटलं. ह्यांना काही कळलं नाही. मलाही अर्धंच कळलं होतं.

मी माझ्या मैत्रिणीला गाठलं. ती बाजूच्या विंगमध्ये राहते, कंपनीत आम्ही एकाच टेबलावर होतो, आणि जगात माझ्याशी अरे ला का रे करणारी ती एकटीच बाई आहे. तिलाही सायकल येत नाही. पण तिने दोन मुलांच्या सायकलींची सीट धरून मागे धावायचं काम केलेलं होतं, म्हणजे आमच्या दोघींत अनुभवी तीच.

"यार, तू पडलीस ना तर मी उचलणार नाही हां," ती म्हणाली. "तुझं वजन माहितीये मला."

"मी पडणार नाही."

"पडल्याशिवाय कुणाला येत नाही गं. फक्त माझ्या अंगावर पडू नकोस."

चारकोपमधल्या आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावर सायकलवाला आहे, आमच्याच वयाचा. मी सायकल ढकलत नेली तेव्हा त्याने आधी सायकल ओळखली, मग मला. "काकांची ना?" एवढंच विचारलं. मी कोण चालवणार ते सांगितलं तेव्हा तो हसला नाही, त्याने फक्त माझ्या पायांकडे बघून मनात माप घेतलं. सीट अगदी खाली आणली, दोन्ही टायर-ट्यूब बदलले, ब्रेक घट्ट केले. "दांडीमुळे चढायला त्रास होईल. एखादी पायरी बघा," म्हणाला. त्या माणसाबद्दल मला अजून आदर आहे.

पायरी होती. आमच्या सोसायटीच्या मधोमध चौक आहे आणि चौकात दत्ताचं लहानसं देऊळ. देवळाभोवती पेव्हर ब्लॉकची वाट. आमच्याकडे मॉर्निंग वॉक म्हणजे ह्या देवळाच्या प्रदक्षिणा. कुणी अकरा घालतं, कुणी एकवीस, पेन्शनवाले तर मोजतही नाहीत. देवही होतो आणि शुगरही आटोक्यात राहते. सकाळी सहापासून तिथे माणसांची रांग गोल फिरत असते, सगळी एकाच दिशेने, देव उजव्या हाताला ठेवून. सायकल शिकायला दुसरी जागाच नव्हती, बाकी सगळीकडे गाड्या उभ्या. तेव्हा मीही त्या रांगेत शिरले. देवळाच्या पायरीवर उजवा पाय, सायकल थोडी कलती करून डावा पाय दांडीवरून पलीकडच्या पेडलवर घ्यायचा, आणि मैत्रिणीने मागून सीट धरायची.

पहिल्या दिवशी मी चार वेळा पडले. एकदा सायकलसकट, दोनदा सायकलशिवाय आणि एकदा मैत्रिणीवर. दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या खुर्चीला धडकले, नशिबाने तो तेव्हा पंप चालू करायला गेला होता. मी पंजाबी ड्रेस घालायचे, ओढणी कमरेला बांधायचे आणि पायात जुने कॅनव्हासचे बूट. सगळी सोसायटी बघत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या सासवा-सुना एकत्र खिडकीत आलेल्या मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिल्या.

देवळात रोज सकाळी फुलं वाहणाऱ्या एक काकी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांचा शब्द चौकात चालतो. चौथ्या दिवशी मी दुसऱ्या बाजूने फिरून बघायचं ठरवलं, कारण एकाच दिशेने फिरून गरगरत होतं. अर्धी फेरीही झाली नव्हती.

"अगं ए, उलट्या प्रदक्षिणा कसल्या घालतेस?" काकींनी फुलांची परडी तशीच धरून मला अडवलं. "देवाला डावं घालतेस?"

"काकी, मी प्रदक्षिणा घालत नाही, सायकल शिकतेय."

"देवळाभोवती जे फिरतं ती प्रदक्षिणाच. सरळ फिर."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सरळ फिरले. तेव्हा मला त्यात काही वाकडं दिसलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडणारी मी, ही चूक माझ्या डोळ्यांसमोरून गेली.

ह्यांचं म्हणाल तर हे गॅलरीत होते. आमची गॅलरी बरोबर चौकावर उघडते. हे पेपर तोंडासमोर धरून बसायचे. पण मी फेरी मारून त्या बाजूला आले की पेपर किंचित खाली यायचा आणि मी वर बघितलं की पुन्हा वर जायचा. एकदा तर पेपर उलटा होता. घरी गेल्यावर हे काही विचारायचे नाहीत, मी काही सांगायची नाही. फक्त एका दुपारी मी गुडघ्याला हळद लावत बसले असताना हे म्हणाले, "चेन सैल आसा. आवाज करता." दुसऱ्या मजल्यावरून ह्यांनी चेनचा आवाज ऐकला होता.

एकोणिसाव्या दिवशी मी मैत्रिणीशी बोलत बोलत चालवत होते. दळण, तिची सून, असं काहीतरी. उत्तर आलं नाही म्हणून मागे पाहिलं, तर ती देवळाच्या पायरीवर बसून चहा पीत होती. मी एकटीच चालवत होते! मला किती आनंद झाला ते कसं सांगू? मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण वॉचमन धावत आला. मी थांबले नाही, कारण थांबायचं कसं ते विसरले होते. सात फेऱ्या मारल्या आणि शेवटी त्याच पायरीला चाक टेकवून उतरले. मी हसत होते. माझं लग्न झालं, मुलगी झाली, चेकिंगची सुपरवायझर झाले, पण स्वतःवर इतकी खूश मी कधीच झाले नव्हते.

महिना भरायच्या चार दिवस आधी सेक्रेटरीने मला फिरताना पाहिलं. "काकी, झकास!" तो ओरडला आणि त्याने बोर्डावरच्या यादीतून आमची सायकल सगळ्यांसमोर खोडली. मी त्या दिवशी भाजीवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, मुलीला मुलुंडला फोन करून सांगितलं. "आई, हातपाय मोडून घेशील," असं आधी म्हणणारी ती, "व्हिडिओ पाठव," म्हणाली. कंपनीच्या जुन्या ग्रुपवर टाकला. मी फुशारकी मारली, भरपूर मारली. एकसष्टाव्या वर्षी कमावलेली गोष्ट दाबून का ठेवायची?

पण ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो माणूस गॅलरीतच होता. लोकांनी मला महिनाभर पोटभर बघितलं, हसून झालं, कौतुक करून झालं, आणि ह्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. सायकल वाचली. मला सायकल वाचवायची नव्हती.

मग मी ठरवलं की रस्त्यावर जायचं. एका रविवारी सकाळी, गर्दी व्हायच्या आधी. बेत साधा होता. गेटातून बाहेर पडायचं, सरळ जायचं, पहिल्या चौकात डावीकडे, पुढच्या चौकात डावीकडे, अशी सेक्टरला फेरी मारून घरी. दहा मिनिटांचं काम. मैत्रीण गेटाशी उभी राहिली.

पहिला चौक आला. मी हॅण्डल डावीकडे वळवायला गेले आणि ते वळेना. म्हणजे हॅण्डल ठीक होतं, माझे हात वळेनात. अंग सगळं उजवीकडेच कलायचं. डावीकडे जरा झुकले की वाटायचं, आता पडलेच. मी घाबरून सरळ गेले. दुसऱ्या चौकात तेच. तिसऱ्यातही तेच. मला सरळ जाता येत होतं आणि उजवीकडे वळता येत होतं. पण उजवीकडे वळायचं तर समोरून बस येत होती, आणि पायरीशिवाय नीट उतरता येत नव्हतं. सरळ जात राहिले. सेक्टर संपले, इस्टेटच्या भिंती संपल्या, आणि शेवटी रस्ताच संपला. पुढे खाडीची झाडं आणि चिखल. तिथे मी उतरले, म्हणजे सायकल सोडून दिली आणि बाजूला उभी राहिले.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. महिनाभर मी देव उजव्या हाताला ठेवून फिरले होते. मला सायकल येत नव्हती, मला प्रदक्षिणा येत होती. चिखलाशेजारी उभी राहून मी स्वतःला दोन शिव्या घातल्या. फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. चढायला पायरी नव्हती, म्हणून सायकल ढकलत परत यायला तास गेला.

जिना चढून वर आले तर दार उघडं होतं आणि हे दाराशी उभे होते. हातात काठी. पायात चपला. आठ-नऊ महिन्यांत ह्यांच्या पायात चपला मी पाहिल्या नव्हत्या. मी त्या पाहिल्या हे ह्यांनी पाहिलं.

"खय होतंस?" हे ओरडले. "ती तुझी मैत्रीण दोनदा वर येऊन गेली. किती वेळ झालो?"

"खाडीपर्यंत गेले."

"खाडीर? कशाक?"

"डावीकडे वळता येत नाही मला," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाज, राग, दमणूक, सगळं एकदम. "मला फक्त उजवीकडे येतं."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा खांदा हलायला लागला. मला वाटलं पुन्हा काही झालं. हे हसत होते. भिंतीला टेकून, काठी गच्च धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मार्चपासून मी हा आवाज ऐकला नव्हता. मीही हसायला लागले. शेजारचं दार उघडून कुणीतरी बघून गेलं.

"वळतला कसा?" हे म्हणाले. "एकाच बाजून फिरतंस. म्हयनोभर बघतंय मी."

"मग सांगितलं का नाही?"

"तू माका इचारलंस?"

नव्हतं विचारलं. घरात तीस वर्षं सायकल चालवलेला माणूस बसलेला, आणि मी मैत्रिणीला विचारलं, सायकलवाल्याला विचारलं, मोबाईलवर व्हिडिओ बघितले. ह्यांना दुखावेल म्हणून नाही विचारलं. आता वाटतं, न विचारल्यानेच जास्त दुखावलं असेल.

"मग आता विचारते," मी म्हटलं. "शिकवा."

"गॅलरीतून सांगतंय."

दोन दिवस गॅलरीतून सांगणं झालं. हे वरून ओरडायचे, "सैल सोड! हॅण्डल घट धरू नको!" खाली काकी म्हणायच्या, "उलटी फिरू नकोस!" रांगेतली माणसं एकदा वर बघायची, एकदा माझ्याकडे. मी दोन्ही दिवस पडले आणि दुसऱ्या दिवशी कोपर चांगलंच सोलवटलं. संध्याकाळी कोपराला औषध ह्यांनी लावलं. खाली या म्हणून मी आग्रह केला नाही. चेकिंगच्या टेबलावर एक गोष्ट शिकले होते, टाका ओढला की जास्त उसवतो.

तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, "सकाळी लवकर जाव नको. सव्वानवाक जा. गेटाकडच्यो स्कूटरी तोपर्यंत जातत, सगळी जागा मोकळी होता." आठ-नऊ महिने गॅलरीत बसून ह्यांनी चौकाचं अख्खं वेळापत्रक पाठ केलं होतं. मी सव्वानऊला गेले. खरंच, गेटाजवळची जागा रिकामी होती, टेम्पो वळेल एवढी. मी सायकल तिथे आणली आणि गॅलरीकडे बघितलं, आता काय सांगतात म्हणून. खुर्ची रिकामी होती.

मी तिथेच उभी राहिले. वर धावत जावंसं वाटलं, पण गेले नाही. जिन्यातून काठीचा आवाज येत होता. एक टक, मग पाय ओढल्याचा आवाज, मग पुन्हा टक. आमच्या जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत. मी हॅण्डल धरून प्रत्येक पायरी ऐकली. मध्ये एकदा आवाज थांबला. पुन्हा टक झालं.

हे जिन्याच्या तोंडाशी आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. चौकात काकी होत्या, दोन पेन्शनवाले होते, वॉचमन होता, सेक्रेटरी स्कूटरला किक मारायच्या बेतात होता. सगळे बघत होते. सगळे थांबून, उघडपणे बघत होते. ह्यांनी ते पाहिलं. मला वाटलं आता मागे वळतात. पण हे काठी टेकत, डावा पाय ओढत, सगळ्यांच्या समोरून गेटाजवळच्या मोकळ्या जागेत आले आणि बरोबर मध्यभागी उभे राहिले.

काकी तोंड उघडणार तेवढ्यात हे त्यांना म्हणाले, "काकी, देवाभोवती उलटा नको ना? देव देवळातच ऱ्हवांदे. ती माझ्याभोवती फिरतली." आणि मला म्हणाले, "मी हय उभो रवतंय. माका डाव्या हाताक ठेव आणि फीर. चाकाकडे बघू नको. जंय जावचा आसा थंय बघ."

काकींनी परडी खाली ठेवली आणि बघत उभ्या राहिल्या. त्यांना ह्यात काही आक्षेप सापडला नसावा.

मी फिरले. पहिल्या फेरीत पाय टेकला, दुसऱ्यातही टेकला. हे मध्ये उभे राहून माझ्याबरोबर जागच्या जागी वळत होते, काठीवर भार देत, डावा पाय थोडा थोडा सरकवत. मी फिरते म्हणून हे फिरत होते. तिसऱ्या फेरीत मी चाकाकडे बघायचं विसरले, कारण ह्यांच्या पायाकडे बघत होते. आणि सायकल वळली. डावीकडे झुकली, मी पडले नाही, आणि ती गोल वळून पुन्हा जिथून निघाले तिथे आली.

"आसाच," हे म्हणाले. "आणखी दहा."

आम्ही दोघांनी त्या दिवशी वीस फेऱ्या मारल्या. अर्धा तास झाला होता. डॉक्टरांनी सांगितलेला अर्धा तास. ते मी ह्यांना सांगितलं नाही. सेक्रेटरी ऑफिसला उशिरा गेला.

त्यानंतर रोज सव्वानऊ. पंधरा दिवसांनी हे मध्ये उभे न राहता कडेने चालायला लागले, मी पुढे, हे मागे. मी गेटातून बाहेर पडून डावीकडे वळून भाजी आणायला लागले. कॅरिअरचा रबरी पट्टा आता कोथिंबिरीच्या जुडीला लागतो. वाटेत हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावाल्यांना मी जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जानेवारीच्या शेवटी मी खाडीपलीकडच्या मनोरीला सायकलने जायचं जाहीर केलं. ह्यांनी पूर्वी कितीतरी रविवार मार्वेच्या जेट्टीवर सायकल बोटीत चढवली होती आणि पलीकडून ताजी मासळी आणली होती. मैत्रीण म्हणाली, "तुला वेड लागलंय," आणि ह्यांच्याबरोबर रिक्षात बसायला तयार झाली. सकाळी साडेसहाला निघाले. मी पुढे, माझ्या मागे हळूहळू रिक्षा, रिक्षातून ह्यांच्या सूचना. चारकोप नाका, मार्वे रोड, मग मालाडकडची गर्दी मागे पडली आणि वाऱ्याला खारट वास यायला लागला. दोनदा थांबून पाणी प्यायले, एका चढावर उतरून ढकलली, ते कबूल करते. पण जेट्टीपर्यंत पोहोचले ती सायकलवर बसूनच.

बोट लागलेली होती. बोटीवरच्या माणसाने सायकल उचलून आत घेतली आणि हॅण्डल धरून ह्यांच्याकडे बघत विचारलं, "काका, सायकल तुमची ना?"

मी घाबरले. असा प्रश्न कुणी विचारू नये म्हणून हा माणूस आठ-नऊ महिने घरात कोंडून घेऊन बसला होता. बोट भरलेली होती, सगळ्यांना ऐकू जात होतं.

"होती," हे म्हणाले. आवाज अजिबात खाली न आणता म्हणाले. "माका आता चालवूक जमणा नाय. पाय गेलो. आता ती हिची." आणि काठीने माझ्याकडे दाखवलं. "चारकोपसून चालवत इली. मी शिकवलंय."

आजूबाजूच्या लोकांनी माझ्याकडे बघितलं. मी मात्र ह्यांच्याकडे बघत होते. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं आणि तिच्या ओढणीचं टोक डोळे पुसायला दिलं. मग ह्यांनी उजव्या हाताने बोटीचा कठडा धरला, डावा पाय आधी आत टाकला, आणि कुणाचा हात न घेता बोटीत चढले.